पाणी गाळतो, बातमी का नाही?



दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू आला होता. बारा वर्षांचा आहे, प्रश्न फार विचारतो. सकाळी मी नेहमीप्रमाणे पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळत होते. तो म्हणाला, "आजी, मशीन लावलंय ना भिंतीवर? मग हे फडकं कशाला?" मी म्हटले, "मशीन कालचं आहे रे, फडकं माझ्या आजीच्या आजीपासूनचं आहे." त्याला ते पटले नाही, पण तो गप्प बसला.

थोड्या वेळाने नाश्त्याला बसलो तेव्हा मी त्याला सांगत होते, की गरम पाण्यात अमुक घालून एकवीस दिवस घेतले की साखर मुळापासून जाते, मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे. त्याने विचारले, "कोणत्या डॉक्टरांनी?" मी फोनवरचा संदेश दाखवला. त्याने आपल्या फोनवर दोन मिनिटे काहीतरी शोधले आणि म्हणाला, "आजी, हा मेसेज जुना आहे. त्या डॉक्टरांनी असं कधी म्हटलंच नाही, असं इथे लिहिलंय." आणि मग सहज, खोड काढल्यासारखे म्हणाला, "पाणी एवढं गाळतेस, मग हे का नाही गाळत?"

सगळे हसले. आमचे हे तर पोहे खाताखाता ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले, पण मनात काहीतरी टोचले. कारण न गाळता पुढे ढकललेला एक संदेश माझ्या खात्यावर कित्येक वर्षांपासून पडून आहे. तो मी आज इथे लिहिणार आहे. पण मी पडले कॉमर्सची. जमा बाजू न लिहिता एकदम नावे बाजू लिहिली तर ताळेबंद खोटा होतो. म्हणून आधी जमा लिहिते.

माझे माहेर कारंजा लाड. नागपूर विद्यापीठाची बी.कॉम. झाले आणि १९८२ साली लग्न होऊन गडचिरोलीला आले. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा काढून गडचिरोली जिल्हा झाला. सासूबाई गमतीने म्हणायच्या, "सूनबाईच्या पायगुणाने जिल्हा आला." जिल्हा आला, पण वर्तमानपत्र मात्र नागपूरच्या एसटीने यायचे आणि हातात पडेपर्यंत दुपार व्हायची. कारंजाहून आईचे पत्र यायला आठवडा लागायचा. वडील आजारी पडल्याची बातमी मला ते बरे होऊन दुकानात बसायला लागल्यावर मिळाली. रेल्वे फक्त वडशाला. फोन करायचा तर ट्रंक कॉल लावून ताटकळत बसायचे आणि लागला की "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करण्यातच तीन मिनिटे संपायची.

आमच्या घरी किराण्याचे दुकान आणि सोबत वनउपजाची थोडी खरेदी. मध आणि मोहफुले यांचा व्यापार आमच्या घराने कधी केला नाही, ते आपल्याला वर्ज्यच. पण चारोळी, हिरडा, बेहडा, डिंक यायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी आतल्या गावांतून माडिया-गोंड बाया डोक्यावर टोपली घेऊन पहाटेपासून चालत यायच्या. आमच्या जंगलभागात एके काळी मिठाच्या बदल्यात चारोळी दिली जात असे. मापाला माप. ही गोष्ट मामंजींनीच मला सांगितली. ते माणूस म्हणून चांगले होते, देवदर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाहीत, तराजूला कधी हात लावला नाही. पण चारोळीचा नागपूरचा भाव काय आहे हे त्यांना माहीत असायचे आणि टोपलीवालीला नसायचे. फरक एवढाच होता, आणि नफाही त्या फरकातच होता.

कॉलेजात अर्थशास्त्राच्या पुस्तकात पूर्ण स्पर्धेच्या अटी पाठ केल्या होत्या. त्यातली एक अट अशी, की विकणारा आणि घेणारा, दोघांनाही बाजाराचे पूर्ण ज्ञान असते. परीक्षेत या अटीला गुण मिळाले. दुकानात बसल्यावर कळले, की आपले अर्धे घर ही अट पूर्ण होत नाही म्हणून चालते. मी एकदा यांना तसे म्हटलेही. हे म्हणाले, "मग काय, भाव पाटीवर लिहून ठेवू?" मी गप्प बसले. तेव्हा पाटी कोणी लावत नव्हते, आम्हीही लावली नाही. हेही नावे बाजूलाच लिहायला हवे.

आता ती पाटी प्रत्येकाच्या हातात आहे. आठ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. धानोऱ्याकडची एक बाई डिंक घेऊन आली. यांनी भाव सांगितला. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, वडस्याले जास्त देऊन रायले म्हणते माहा पोरगा. त्यानं फोनवर इचारलं." हे क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले आणि मग तिने सांगितलेला भाव दिला. रात्री जेवताना म्हणाले, "आज बाबा असते तर चिडले असते." मग थोडे थांबून म्हणाले, "पण आज झोप बरी लागेल." माहितीच्या युगाने काय दिले असे मला कोणी विचारले तर मी आधी ही गोष्ट सांगते. आमचा नफा कमी झाला. तिच्या टोपलीची किंमत तिला कळली. हा हिशेब धर्माच्या बाजूचाच आहे.

दुसरी जमा आमच्या जिल्ह्याने साऱ्या देशाला दिलेली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. चातगावजवळचे त्यांचे शोधग्राम आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. त्या वेळी गावात बाळ गेले की लोक म्हणायचे, "देवाने नेले." किती गेली, कोणत्या आठवड्यात गेली, कशाने गेली, कोणी लिहून ठेवत नव्हते. जे लिहिलेलेच नाही ते सरकारच्या दृष्टीने घडलेलेच नाही. बंगांनी आधी मोजायला सुरुवात केली. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवले. तान्ह्या बाळाचे वजन कसे करायचे, अंग गार पडले तर काय करायचे, श्वास कसे मोजायचे. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. ही माहिती आधी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या डोक्यात होती, ती झोपडीतल्या बाईच्या हातात आली. ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. पुढे देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन बाळ पाहू लागल्या, त्या कामाच्या मुळाशी गडचिरोलीची ही गावे आहेत. माझ्या जाऊबाईंचे पहिले बाळ १९८४ साली आठव्या दिवशी गेले. ते कशाने गेले हे आजही आम्हाला माहीत नाही. म्हणून या जमेची किंमत मला टक्क्यांत मोजता येत नाही.

तिसरी जमा आपल्या धर्माच्या घरातली. आपण श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा करतो. आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना गिरनारला बोलावून आपल्याजवळचे ज्ञान दिले आणि त्यांनी षट्खंडागम लिहून ठेवला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. पण पुढची गोष्ट कमी जणींना माहीत असते. षट्खंडागम आणि त्यावरची धवला टीका शतकानुशतके कर्नाटकात मूडबिद्रीला ताडपत्रांवर होती. यात्रेकरूंनी लांबून दर्शन घ्यायचे, हात जोडायचे आणि निघायचे. वाचायला कोणाला मिळत नव्हती. मग हळूहळू प्रती बाहेर आल्या आणि १९३९ साली पहिला भाग छापून निघाला. कुठून? आपल्या विदर्भातून, अमरावतीहून. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादन हाती घेतले आणि जवळजवळ वीस वर्षे खपून सोळा भाग पूर्ण केले. तेव्हाही ग्रंथ छापू नयेत, शाईचा आणि यंत्राचा विटाळ होतो, असे म्हणणारे आपल्यात होतेच. आज तेच भाग माझ्या नातवाच्या फोनवर उघडतात. बंद कपाटातल्या ज्ञानाची पूजा होते, पण ते ज्ञान कोणाला तारत नाही. त्यामुळे सगळे उघडे झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

बाकी लहान जमा तर किती तरी आहेत. सातबारा घरबसल्या निघतो. भामरागडला पर्लकोटेला पूर येऊन पूल बुडाला की तिकडच्या आमच्या ओळखीच्या शिक्षिकेचा "आम्ही बरे आहोत" असा संदेश दहा मिनिटांत येतो. चातुर्मासात गुडघ्यांमुळे प्रवचनाला जाता येत नाही, ते घरी ऐकता येते.

आता नावे बाजू.

जून २०१८. आमच्या गल्लीतल्या बायकांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप होता, अजूनही आहे. दुपारी जेवून आडवी झाले होते. फोनवर एक चित्रफीत आली. मोटारसायकलवरून दोघे येतात, खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पळून जातात. खाली लिहिले होते, मुले पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात आली आहे, भिकारी आणि फेरीवाल्यांच्या वेषात फिरते, सर्व आयांपर्यंत पोहोचवा. माझी मोठी नात तेव्हा आमच्याकडे होती, चार वर्षांची. माझा जीव घाबरला. मी एक क्षणही विचार न करता ती ग्रुपवर टाकली आणि वर स्वतःचे एक वाक्य जोडले, "सर्वांनी सावध राहा, ही आपल्याच भागातली बातमी आहे." ही आपल्याच भागातली बातमी आहे हे मला कोणीही सांगितलेले नव्हते. ते मी माझ्या मनाचे घातले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत गलका झाला. दरवर्षी उन्हाळा संपता संपता एक बाई आमच्याकडे यायची. सुया, दाभण, बिब्बे, फण्या, काळे मणी विकायची. आमच्या निंबाखाली बसायची, मी तिला पाणी द्यायचे, कधी चहा, जुनी साडी. तिचे नाव मी कधी विचारले नाही. त्या दिवशी समोरच्या घरातले लहान मूल नालीच्या काठाशी गेले होते, तिने त्याचा हात धरून मागे ओढले. तेवढे पाहून कोणीतरी ओरडले, "पोरगं धरलं, पोरगं धरलं!"

मी बाहेर आले तेव्हा दहा-बारा बायका तिच्याभोवती होत्या. दोन तरुण मुलेही आली होती. एका मुलाने तिला चापट मारली होती. तिचे गाठोडे सुटून सुया रस्त्यावर पसरल्या होत्या. एकीच्या हातात फोन होता आणि ती तो त्या बाईच्या तोंडासमोर नाचवत होती. वर माझे नाव होते. ती मला पाहून म्हणाली, "हे पाहा, काकूंनीच पाठवलं होतं की नाही?"

मैत्रिणींनो, मी त्या बाईला ओळखत होते. वीस वर्षे ओळखत होते. एक वाक्य बोलायचे होते, "सोडा तिला, मी ओळखते." ते मी बोलले नाही. त्या गर्दीची भीती वाटली असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण ते खरे नाही. आपण पाठवलेली गोष्ट चुकीची होती हे सगळ्यांसमोर कबूल करावे लागेल, याची मला लाज वाटली. दोन मिनिटे असतील, जास्त नाही. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "काहून धरलं वं तिले? हिची मायबी येत होती अगोदर." आजींच्या एका वाक्याने गर्दी ढिली झाली. ती बाई काही न बोलता गाठोडे कसेबसे गोळा करून निघून गेली. माझ्याकडे तिने एकदा पाहिले. ती परत कधी आली नाही. संध्याकाळी मी रस्त्यावरच्या सुया वेचल्या, कोणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. एक लाकडी फणीही सापडली.

रात्री मी तो संदेश पुसला. पण तो फक्त माझ्याच फोनवरून पुसला गेला, बाकीच्यांकडे तसाच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसे, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुले पळवणारे आले आहेत या अफवेवरून हे झाले. टीव्हीवर ते पाहताना माझ्या घशाखाली घास उतरेना. राईनपाड्यात आणि आमच्या गल्लीत फरक काय होता? आमच्याकडे वेळेवर एक आजी पोहोचल्या, एवढाच.

नंतर कळले, की ती फिरणारी मोटारसायकलची चित्रफीत आपल्या देशातली नव्हतीच. ती कराचीतली, मुलांना सांभाळा हे आईवडिलांना समजावण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. त्यात शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तेवढा शेवट कोणीतरी कापला होता. जागृतीसाठी केलेली गोष्ट शेपूट कापल्यावर विष झाली. त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तसा शिक्का दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. चांगलेच झाले. पण मी तर एकाच ग्रुपवर पाठवला होता. मर्यादा पाचाची असती तरी माझा एक त्यात बसलाच असता.

त्या वर्षी दशलक्षण पर्वात मी 'रत्नकरंड श्रावकाचार' काढून बसले. आचार्य समंतभद्रांचा हा ग्रंथ गृहस्थांसाठी आहे, आपल्यासारख्यांसाठी. त्यात अनर्थदंड सांगितले आहेत. म्हणजे आपला काही फायदा नाही, गरज नाही, तरी उगाच पदरात घेतलेले पाप. ते पाच प्रकारचे आणि त्यातला एक आहे दुःश्रुती. मन कलुषित करणारे ऐकणे. लहानपणी पाठशाळेत हा शब्द पाठ केला तेव्हा वाटायचे, की हे चावट गोष्टींबद्दल असेल. आता वाटते, की दिवसभर फोनवर जे येते त्यातल्या अर्ध्याला हेच नाव आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे अतिचार आहेत. खोटा उपदेश करणे, कोणाचे गुपित उघड करणे, खोटे लेख तयार करणे. एकेक वाचताना मला ग्रुपवरचे एकेक संदेश आठवत होते. तो खोटा उपदेश, तो कोणाच्या सुनेचा फोटो, ती बनावट कात्रणे. फोन नव्हता तेव्हाही माणसाचे तोंड होतेच, म्हणून हे नियम होते. फरक एवढाच, की तोंडाची अफवा वेशीपर्यंत जाता जाता दमायची. आता ती दमत नाही.

मग काय, फोन फेकून द्यायचा? मला ते पटत नाही. डिंकवाल्या बाईचा भाव त्याच फोनवर आला होता. मला उत्तर मिळाले ते आपल्याच जिल्ह्यात.

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना मेंढा-लेखा लागते. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. देवाजी तोफा हे तिथले नाव सगळ्यांना ठाऊक आहे, सोबत मोहन हिराबाई हिरालाल. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशात पहिल्याप्रथम मिळवलेल्या गावांपैकी हे एक. एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. लोक जंगलाची गोष्ट सांगतात. मला त्यांच्या बसण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या गावात ग्रामसभेखेरीज अभ्यासगट असतात. नवा कायदा आला, नवी योजना आली, कोणी काही सांगून गेले, तर आधी ते अभ्यासगटात येते. ज्याला यायचे तो येतो, बाहेरचा जाणकारही बोलावतात. प्रश्न विचारतात, उलटसुलट बोलतात, समजून घेतात. तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय नंतर ग्रामसभेत, आणि तोही हात वर करून बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाला जरी पटले नाही तरी थांबतात, पुन्हा बसतात. वेळ लागतो. पण ज्यांनी एवढे बसून कायदा समजून घेतला त्यांना हक्क मिळाला. तोच कायदा ज्यांच्या कपाटात पडून होता ते तसेच राहिले.

माझ्या मनात तेव्हा लख्ख झाले. माहिती ऐकणे आणि त्यावर काही करणे यांच्यामध्ये मेंढ्याचे लोक बसतात. मी त्या दुपारी बसले नाही, आडवी होते आणि अंगठा दाबला.

आता मी घरात तसेच फडके ठेवले आहे. काही आले की तीन प्रश्न विचारते. हे पहिल्यांदा कोणी म्हटले? कधीचे आणि कुठले आहे? आणि हे खोटे निघाले तर मार कोणाला बसेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर "कोणा गरिबाला" असे आले, तर संदेश माझ्याकडेच थांबतो. उत्तरे मिळाली नाहीत तरी थांबतो. पैशाच्या बाबतीतही हेच. मागच्या वर्षी यांना एक फोन आला, तुमच्या नावाच्या पार्सलात नको ते सापडले आहे, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी हातातून फोन घेतला आणि बंद केला. म्हटले, आधी बसू, मग बोलू. पाच मिनिटे बसलो तेव्हा दोघांनाही कळले, की फोनवरून कोणी अटक करत नसते. अशा वेळी १९३० हा सरकारी क्रमांक आहे, तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

पण गाळण्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पाणी गाळल्यावर फडक्यावर जे उरते ती जिवाणी. ती मोरीत टाकायची नाही. फडके उलटे करून, गाळलेल्याच पाण्याने धुवून, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत अलगद सोडायची. माहेरी आई त्यासाठी कडीची बादली वापरायची, म्हणजे वरून धबकन पडू नये. जीव जिथला तिथे परत गेला पाहिजे. चुकीच्या बातमीचेही असेच आहे. आपल्या फोनवरून पुसून भागत नाही. जिथे सोडली तिथेच परत जाऊन सांगावे लागते.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी त्याच ग्रुपवर लिहिले, की जूनमधला तो संदेश मी न तपासता पाठवला, 'आपल्या भागातली बातमी' हे वाक्य माझे होते आणि ते खोटे होते. सुईवाल्या बाईला मी ओळखत होते आणि गप्प राहिले. तासभर कोणी काही बोलले नाही. मग एकीने लिहिले, "अहो काकू, सगळेच पाठवतात, मनाला लावून घेऊ नका." दुसरीने दोन हात जोडले. चापट मारणाऱ्या मुलाची आई मात्र रात्री घरी आली आणि बराच वेळ बसली. ती त्याबद्दल बोलली नाही, मीही नाही. निघताना म्हणाली, "ती बाई आली तर मला हाक मारा."

दरवर्षी क्षमावाणीला माझ्या फोनवर फुलांची, दिव्यांची दोनशे चित्रे येतात. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. मीही काहींना पाठवते. पण जिची क्षमा मागायची तिचा नंबर माझ्याकडे नाही, नावही नाही. तिची लाकडी फणी स्वयंपाकघराच्या खणात आहे. उन्हाळा संपत आला की मी दुपारी दार उघडे ठेवते.

तुम्हीही आज रात्री फोन बाजूला ठेवताना एकदा मागे जाऊन पाहा. आपण न गाळता काही सोडले असेल, तर ते जिथे सोडले तिथे जाऊन सांगा. लाज वाटते, पण थोडाच वेळ.

जय जिनेंद्र.